डालडाच्या डब्यातला दगड

दशरथ मेस्त्रीबद्दल चाळीत कोणी चांगलं बोललं की माझं डोकं फिरतं, आणि वाईट बोललं तर त्याहून जास्त फिरतं. बायको म्हणते, मग एकदाचं तुम्हीच बोलून टाका काय ते. बोलतो. पण मधे मधे टोकायचं नाही, आधीच सांगून ठेवतो.

घाटकोपरच्या भटवाडीत, डोंगराच्या पायथ्याशी आमची चाळ. पहिल्या मजल्यावर आठ नंबरला मी, अंबादास साळवे, महापालिकेच्या पाणी खात्यात फिटर, गाव जालना जिल्ह्यात. नऊ नंबरला दशरथ, मालवणकडचा, आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात टर्नर. मधे एक भिंत, तीही अशी की इकडे कोणी खोकलं तर तिकडून सुगंधा वहिनी विचारायच्या, "भावजी, आलं पाठवू का?" सुगंधा म्हणजे दशरथची बायको. माझी शकु आणि त्या एकाच नळावर भांडायच्या आणि एकाच पाटावर पापड लाटायच्या. असं सगळं होतं.

दशरथची भाषा दोन तऱ्हेची. परक्या माणसाशी बोलताना पुस्तकातल्यासारखी शुद्ध, 'आपण', 'तुम्ही' करून. आणि आपल्या माणसाशी मालवणी. चाळीत मालवणी ऐकायचा मान घरच्यांखेरीज फक्त मला. मला अर्धी कळायची, उरलेली अर्धी मी हसून घालवायचो.

दगडांचं वेड त्याला मीच लावलं. हे मी कोणालाही ठणकावून सांगेन. अठ्ठ्याहत्तर साली वरच्या डोंगरावर पाइपलाइन टाकताना आमच्या लोकांनी सुरुंग लावला. बार उडाला, आणि काळ्या दगडाच्या पोटात ही एवढी पोकळी, आत सगळे पांढरे खडे, काचेसारखे चमकणारे. मुकादम म्हणाला, फेक तिकडे. मी एक तुकडा डब्याच्या पिशवीत टाकून आणला आणि दशरथला दिला, "घे, कागदावर ठेवायला." तो दगड हातात घेऊन गॅलरीत बसला तो जेवायला उठेना. टर्नर माणूस, आयुष्यभर लोखंडाला धार काढणारा. म्हणाला, "अरे, ह्या कोणी केल्यान? ही कड बघ. माझ्या मशीनवर अशी कड येवची नाय." बस. तिथून लागली वाट.

मग आमचे रविवार सुरू झाले. हातोडा, दोन छिन्न्या, गोणपाट, जुनी वर्तमानपत्रं, आणि सुगंधा वहिनींची तांदळाची भाकरी. चांदिवली, मालाड, कांदिवली, कुठे खाण चालू आहे कळलं की आम्ही हजर. खाणीत दगड फोडणाऱ्या वडार बायका आम्हाला हसायच्या. आम्ही खडी फोडून पोट भरतो, तुम्ही शिकलेले लोक फुकट का फोडता, असं विचारायच्या. बरोबरच होतं त्यांचं. दगडात पोकळी सापडली की आम्ही दोघं म्हणायचो, 'घर लागलं'. आमचाच शब्द. घर लागलं की दशरथ पालथा पडून आत बघायचा आणि मला वाईट शिव्या द्यायचा, आनंदानं.

एक जातीचा खडा असा की हवा लागली, वाळला, की त्याचा भुगा होतो. तो पाण्यातच ठेवावा लागतो. दशरथनं त्यासाठी वहिनींच्या लोणच्याच्या तीन बरण्या पळवल्या. पाहुणे यायचे, फळीवर बघायचे आणि विचारायचे, "वैनी, लोणचं कसलं घातलंय?" वहिनी म्हणायच्या, "नवऱ्याच्या अकलेचं." पण पाणी आटलं तर भर त्याच घालायच्या. हेही खरं.

आमच्या जवळच्या कॉलेजात मार्तंड सर म्हणून भूगर्भशास्त्र शिकवायचे. शनिवारी दुपारी त्यांच्या प्रयोगशाळेत गेलं तर चिडायचे नाहीत. दगडाचं नाव सांगायचे, भिंग द्यायचे, चहाही पाजायचे. त्यांचा एकच नियम. दगडासोबत चिठ्ठी पाहिजे. कुठे सापडला, कधी सापडला, कोणाला सापडला. "चिठ्ठी नाही तर तो दगड नाही, खडी आहे," असं म्हणायचे. "आणि चिठ्ठी खोटी असेल तर खडीपेक्षा वाईट." प्रयोगशाळेच्या भिंतीला काचेचं मोठं कपाट होतं. त्यात एकेक दगड आणि पुढे चिठ्ठी. कुठे कोणी इंग्रज साहेब, कुठे कोणी डॉक्टर, कुठे सरांचे विद्यार्थी. दशरथ चहा घ्यायचा नाही, त्या कपाटापुढे उभा राहून चिठ्ठ्या वाचत बसायचा. एकदा परत येताना मला म्हणाला, "त्या कपाटात एक पण टर्नर नाय, बघलंस?"

"फिटर तरी कुठे आहे?" मी म्हणालो.

"आपली एक चिठ्ठी थंय लागाक व्हयी."

सातवी शिकलेला माणूस. नाव आयुष्यात दोन ठिकाणी लिहिलेलं, रेशन कार्डावर आणि कारखान्याच्या हजेरीवर. त्याला बाकी काही नको होतं. पैसा नको, फोटो नको. त्या काचेआड एक चिठ्ठी. मला तेव्हा हसू आलं. पण घरी येऊन बघतो तर हा टाक घेऊन बसलाय आणि चिठ्ठीचं अक्षर गिरवतोय, कारखान्याच्या नकाशावर लिहितात तसं सरळ, टोकदार.

आता चांदिवलीचं सांगावंच लागेल. सांगायची इच्छा नाही, पण सांगतो.

ब्याऐंशी साली चांदिवलीच्या एका खाणीत आम्हाला घर लागलं. काय घर! दारातून हात आत घातला तर चहूबाजूंनी टोकं बोचत होती, पाण्यासारखे स्वच्छ चौकोनी खडे. एका दिवसात निघण्यासारखं नव्हतं. दशरथनं तोंडाशी खडी रचून झाकलं आणि म्हणाला, पुढच्या रविवारी. आणि सोमवारी मी टपरीवर बोललो. कशाला बोललो? आनंद झाला म्हणून बोललो, दुसरं काय! चहा पिताना माणूस बोलतो. तिथे चंद्रप्रकाश बसला होता, ते मला काय माहीत. हा चंद्रप्रकाश कुर्ल्याचा, दगडांचा व्यापारी, जुहूच्या हॉटेलात उतरलेल्या गोऱ्या लोकांना खडे विकायचा. कॉलेजातल्या कपाटापुढेही मी त्याला पाहिला होता, चिठ्ठ्यांवरून जागा टिपून घेत. पुढच्या रविवारी आम्ही गेलो तर घर नाही, नुसतं भगदाड. पहार घालून सगळं उचकटून नेलं होतं, आणि खाली मोडलेल्या टोकांचा खच. दशरथ खाली बसून ती मोडकी टोकं वेचत राहिला. मला एवढंच म्हणाला, "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाय रे."

एकदाच म्हणाला. पुन्हा कधी काढलं नाही. मला वाटलं, मिटलं.

त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतर दशरथचे रविवार बदलले. गॅलरीत उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "मुलुंडाक जातंय. एकटोच." मी म्हणायचो, येतो ना. तर म्हणायचा, लांब आहे, उन्हात कशाला, तुझी पाठ दुखते. माझी पाठ! पाइप वाहून वाहून माझी पाठ लोखंडाची झालेली. आणि ह्याला तिची काळजी. परत यायचा तेव्हा पिशवी जड, बूट लाल मातीनं भरलेले, आणि चेहरा असा की घरात पोरगा झालाय.

तिसऱ्या रविवारी मी त्याच्या मागे गेलो. हो, गेलो. चोरासारखा गेलो. तो बस स्टॉपपर्यंत गेला, इकडेतिकडे बघितलं, आणि मुलुंडची बस सोडून डोंगराच्या वाटेला लागला. मुलुंड कसलं नि काय! आमच्याच चाळीच्या मागे, पंधरा मिनिटांवर, एक जुनी बंद पडलेली खाण होती. खाली पाणी साचलेलं, कडेनं झुडपं, लोक सकाळी डबा घेऊन जायचे अशी जागा. तिच्या भिंतीत कमरेच्या उंचीवर एक भोक, आणि दशरथ त्यात अर्धा घुसलेला. बाहेर फक्त पाय. आतून बडबडत होता, एकटाच. आणि बाजूला गोणपाटावर त्यानं जे ठेवलं होतं, ते मी झुडपाआडून डोळे फाडून पाहिलं. हिरव्यागार खड्यांवर पांढरे शुभ्र गोळे, पिंजलेल्या कापसाचे. दगड, पण कापूस. फुंकर मारली तर उडेल असा.

मी हाक मारणार होतो. तोंड उघडलं होतं. मग ते 'मुलुंड' आठवलं, आणि मी तसाच मागे फिरलो.

मला काय वाटलं ते सांगतो, लपवत नाही. वाटलं, अंबादास चहाला चालतो, जेवायला चालतो, गोणपाट वाहायला चालतो. पण जिथे खरं काही निघतं तिथे शेवटी आपला तो आपला, परका तो परका. दशरथनं असं कधी म्हटलं नव्हतं. त्याच्या घरी गणपतीत मी पंगतीला मधे बसलोय, वहिनींनी हातानं वाढलंय. तरी वाटलं. असं वाटायला आमच्या माणसाला फार काही लागत नाही हो, मागचं सगळं तयारच असतं. एक काडी पुरते.

मंगळवारी संध्याकाळी दशरथ दारात आला. हातात डालडाचा डबा, झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळलेली. डबा माझ्या हातात दिला, दोन्ही हातांनी, आणि भिंतीकडे बघून हळूच म्हणाला, "मी गेल्यावर उघड. कोणाक दाखव नको. आणि टपरीवर तर अजिबात नको."

ते टपरीचं ऐकलं आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ताट सगळं ह्याचं, आणि मला हे, तोंड बंद ठेवायला. उष्टं! माझा आजा गावात लोकांच्या मागच्या दारी भांडं घेऊन उभा राहायचा. माझ्या बापानं ते भांडं विहिरीत टाकलं आणि आम्हा भावंडांना बजावलं, उपाशी मरा, पण कोणाचं उष्टं घ्यायचं नाही. ते मी मुंबईत येऊन विसरलो नव्हतो. दशरथ गेला, आणि मी तो डबा न उघडता माळ्यावर भिरकावला. मागच्या भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. शकु म्हणाली, "अहो, काय होतं?" मी म्हणालो, "खडी."

दोन दिवसांनी जिन्यात भेटला. "उघडलंस काय रे डबो?"

"उघडला."

"मगे?"

"मग काय. झकास!"

"सगळा समजला ना?"

"समजलं, यार. एवढं काय त्यात."

त्यानं माझा दंड धरला आणि असा हसला की बस. मला वाटलं, बघा, गंडवल्याचा आनंद कसा होतो माणसाला. रविवारी सकाळी दार वाजवलं, "येतंस?" मी म्हणालो, ड्युटी आहे, पंतनगरला लाइन फुटलीये. पुढच्या रविवारी पुन्हा दार. पुन्हा लाइन फुटली. तिसऱ्या रविवारी तो दारात जरा जास्त वेळ उभा राहिला आणि "बरा" म्हणून गेला. चौथ्या रविवारी आला नाही. त्यानंतर चार वर्षं आम्ही शेजारी होतो. दोस्त नव्हतो. तो मालवणीतच बोलायचा, मी हूं हूं करायचो.

सत्त्याऐंशीत ती खाण बुजायला लागली. कोणा बिल्डरनं घेतली, आणि पावसाळा संपल्यावर मलब्याचे ट्रक लागले. महिन्याभरात पाणी गेलं, झुडपं गेली, दशरथचं भोक असलेली भिंतही गेली. मी गॅलरीतून ट्रक बघायचो आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं.

मग एक दिवस दशरथ म्हणाला, "शनिवारी सरांकडे चल. काम आसा." आवाज असा की नाही म्हणता येईना. गेलो.

प्रयोगशाळेच्या टेबलावर त्यानं गोणपाट सोडलं. ताटाएवढा हिरवा दगड, आणि त्यावर सात पांढरे गोळे, एकाचाही केस दुमडलेला नाही. चार वर्षं त्यानं तो कसा सांभाळला असेल, देव जाणे. त्या कापसाला बोट लागलं तरी तो बसतो, पुन्हा उभा राहत नाही. मार्तंड सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "हा कापूस ओकेनाइट. हिरव्या प्रेहनाइटवर. मेस्त्री, या बाजूला इतका स्वच्छ नमुना मी पाहिलेला नाही. हा मधल्या फळीवर जाईल." मधली फळी म्हणजे डोळ्यांच्या रेषेत. दशरथनं खिशातून चिठ्ठी काढली, घडी उलगडून ठेवली. घाटकोपर, भटवाडीमागची जुनी खाण.

सरांनी चिठ्ठी वाचली. मग उठले, खालचा खण उघडला आणि सुपारीएवढा एक तुकडा काढून बाजूला ठेवला. तोच कापूस, तोच हिरवा. पुढे दशरथच्याच टोकदार अक्षरात चिठ्ठी, डिसेंबर त्र्याऐंशी, मुलुंड.

"नाव विचारायला आणला होतात तेव्हा. तेव्हा मुलुंड लिहिलंत, आता घाटकोपर म्हणताय. कोणतं खरं?"

दशरथनं सांगितलं. कपाटातल्या चिठ्ठ्या वाचून व्यापारी खाणीत घुसतात, म्हणून तेव्हा खोटं लिहिलं. आत अजून माल होता. आता खाणच बुजली, आता कोणाची भीती नाही, म्हणून खरं लिहिलंय. शुद्ध मराठीत, एकेक शब्द जुळवून सांगत होता.

सर म्हणाले, "पटतंय मला. पण माझ्या पटण्यावर चिठ्ठी लागत नाही. खाण असती तर जाऊन पाहिलं असतं. ती जागा दुसऱ्या कोणी पाहिलीय?"

"हो सर," दशरथ म्हणाला. "अंबादास आहे. खऱ्या जागेची चिठ्ठी त्याच्याकडे आहे, तेव्हाच लिहिलेली."

सर माझ्याकडे वळले. "आहे का, साळवे?"

माझ्या डोक्यात काय काय झालं! माझ्याकडे चिठ्ठी? कसली चिठ्ठी? म्हणजे हा मला इथे खोटी साक्ष द्यायला घेऊन आला. मागची तारीख टाकून चिठ्ठी करून दे म्हणणार. चार वर्षं मला मुलुंड दाखवलं, आणि आता गरज पडली तेव्हा अंबादास आठवला. गोणपाट वाहायला, साक्ष द्यायला.

"नाही, सर," मी म्हणालो. "माझ्याकडे काही चिठ्ठी नाही."

"जागा पाहिलीत तुम्ही?"

पाहिली होती. झुडपाआड उभं राहून माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिली होती. तिथे हो म्हणायला एक अक्षर पुरे होतं. चिठ्ठीचं मला माहीत नव्हतं, मान्य. पण जागेचं माहीत होतं. आणि मी दशरथकडे बघत बघत म्हणालो, "नाही. मी नाही पाहिली."

दशरथ म्हणाला, "अंबादास." बस्स, एवढंच. प्रश्नही नव्हता तो. मी खिडकीबाहेर बघितलं.

सरांनी नवी चिठ्ठी लिहिली. ओकेनाइट. स्थळ अनिश्चित. आणि जागा अनिश्चित तर शोधणाऱ्याचं नाव लागत नाही, तो नियम. ताटाएवढा दगड खालच्या खणात गेला, आणि खण नीट बंद होईना म्हणून सरांच्या शिपायानं जोर लावला. दशरथ ते बघत उभा होता. "नमस्कार करतो, सर," म्हणाला आणि निघाला. आम्ही रस्त्याच्या दोन बाजूंनी घरी आलो.

पुढच्या रविवारी सकाळी मी गॅलरीत दात घासत होतो. दशरथ गोणी पाठीवर घेऊन डोंगराकडे निघाला. परत आला, दुसरी गोणी घेतली. अशा चार खेपा. शेवटच्या खेपेला वहिनी त्याच्यासोबत, हातात लोणच्याच्या बरण्या. जिथे ट्रक मलबा ओततात तिथे जाऊन त्यानं नऊ वर्षांचे दगड चिठ्ठ्यांसकट ओतले. वहिनी मोकळ्या बरण्या घेऊन परत आल्या आणि नळावर घासत बसल्या. शकुनं विचारलं, "काय झालं हो वहिनी?" त्या म्हणाल्या, "लोणचं नासलं." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मी तोंडातला फेस थुंकला आणि आत गेलो. वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याच्याशी माझी फिट्टंफाट झाली, असंही वाटलं. तेव्हा तेच जास्त वाटलं.

तिथे आता सात मजली इमारत उभी आहे. गॅलरीतून तिची गच्ची दिसते, गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी दिसतात.

एकोणनव्वदच्या मार्चमध्ये आम्ही घराला रंग काढला. शकुनं माळा रिकामा केला, आणि एक डबा खाली देऊन म्हणाली, "अहो, हा कशाचा आहे? रिकामा करून द्या, मला मोगरा लावायचाय."

चिकटपट्टी पिवळी पडली होती. मी सुरीनं कापली. आत वर्तमानपत्र, मग कापूस, दवाखान्यातला, आणि मग दगड. हिरवा, मुठीएवढा, वर दोन पांढरे गोळे. एका बाजूनं पार बसलेले, ओल्या केसांसारखे चिकटलेले, मी भिरकावला तेव्हाचे. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली चिठ्ठी.

'पांढरा कापूस, हिरव्या खड्यांवर. भटवाडीमागची जुनी खाण, उत्तरेची भिंत. घाटकोपर. दि. २० नोव्हेंबर १९८३. शोधक: अंबादास साळवे व दशरथ मेस्त्री.'

माझं नाव आधी.

चिठ्ठी उलटी केली. मागे पेन्सिलीनं लिहिलं होतं. 'भिंतींना कान आहेत म्हणून बोललो नाही. आत अजून एक घर आहे, ते मी उघडलेलं नाही. ते तू उघडायचं. रविवारी ये.'

शकुला वाचता येतं. तिनं माझ्या खांद्यावरून वाचलं आणि रंगाच्या डब्याशेजारी जमिनीवरच बसली. म्हणाली, "तीन रविवार त्यानं दार वाजवलं. मी चहा करू का विचारत होते. तुम्ही ड्युटीचं सांगून त्याला दारातूनच परत पाठवलंत."

मी तसाच कॉलेजात गेलो, हाताला रंग लागलेला. मार्तंड सर होते. त्यांच्यापुढे चिठ्ठी ठेवली, दगड ठेवला, सगळं सांगितलं, झुडपाआडून बघितलं तेही. सरांनी भिंगानं चिठ्ठी बघितली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"अक्षर मेस्त्रींचंच आहे," म्हणाले. "पण ही गेल्या आठवड्यात लिहिलेली नाही, असं मी कशावरून म्हणू? आणि तुम्ही इथेच उभं राहून नाही म्हणालात. आता हो म्हणताय. साळवे, मी मेस्त्रींना विचारलं तेच तुम्हाला विचारतो. कोणतं खरं?"

बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय. पण वाटलं, कपाटाचं जाऊ दे, निदान दशरथला तरी खरं कळू दे. एका माणसाला तरी कळू दे.

नऊ नंबरचं दार उघडं होतं. दशरथ उंबऱ्याशी बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होता. दीड वर्षात मी त्याच्या दाराशी उभा राहिलो नव्हतो. वहिनी मला बघून आत गेल्या. मी डबा खाली ठेवला, चिठ्ठी त्याच्या हातात दिली आणि बोलत सुटलो. मुलुंडच्या बसचं बोललो, झुडपाचं बोललो, माझ्या आज्याच्या भांड्याचं बोललो, जे मी शकुलाही कधी सांगितलं नव्हतं. "दशरथ, बापाची शपथ, मी डबा उघडलाच नव्हता रे. आज पहिल्यांदा उघडला. मला वाटलं तू उष्टं दिलंस. मला माहीतच नव्हतं."

त्यानं सगळं ऐकलं. मधे एकदाही तोडलं नाही. चिठ्ठी दोन्ही बाजूंनी वाचली, होती त्याच घडीवर दुमडली आणि मला परत दिली.

"अक्षर माझंच आहे," तो म्हणाला. शुद्ध मराठीत.

मग अडकित्ता उचलला, पुढची सुपारी घेतली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पण तुम्ही तर 'झकास' म्हणाला होतात."